हाकेच्या अंतरावर



ज्या सरांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि शनिवारी सकाळी स्काऊटचं पथक घ्यायचे. सर निवृत्त झाले आणि थोड्याच काळात ते पथकही बंद पडलं, हे इथल्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मला आज त्या बंद पडण्याबद्दल बोलायचं आहे, पण वळसा घेऊन. हा वळसा न्यू जर्सीवरून जातो. नोकरीनिमित्त तिथे असताना माझी मुलं स्काऊटमध्ये होती आणि त्या पथकाच्या पालक-समितीचा मी काही वर्षं खजिनदार होतो. बोलण्याचा अधिकार म्हणाल तर एवढाच. गाठींमधली रीफ नॉट सोडली, तर बाकीच्या गाठी मला मुलांनाच विचाराव्या लागतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा डोळा लागला तरी हरकत नाही. मुलांनी स्वतः चालवलेलं पथक हवं असेल, तर त्यासाठी मोठ्या माणसांची आधी आपापसांत एकी लागते. मुलांच्या कामातून हात काढून घेणं, ही संयमी स्वभावाच्या एखाद्या माणसाने एकट्याने साधण्यासारखी गोष्ट नाही. तो सगळ्यांनी मिळून केलेला आणि पाळलेला ठराव असतो. नऊजण गप्प बसले आणि दहावा उठून तंबू बांधू लागला, तर नऊजणांचं गप्प बसणं फुकट जातं.

आता थोडा इतिहास. थोडाच, कारण तो स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याच्या चरित्रात कुठेही मिळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या १८९९-१९००च्या वेढ्यात शाळकरी पोरांनी निरोप पोचवण्याची कामं केली, ते या लष्करी अधिकाऱ्याने जवळून पाहिलं. पुढे ऑगस्ट १९०७मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर त्याने सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली मुलं आणि पूल-बोर्नमथकडची कामगारांची मुलं त्याने एकत्र आणली आणि त्यांचे चार संघ केले. लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे अशी त्यांची नावं. प्रत्येक संघाला मुलांतलाच एक नायक होता आणि संघाच्या वागण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. लष्करातल्या माणसाने पोरांवर हवालदार नेमले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

पण खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. १९०८च्या जानेवारीपासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी, सहा भागांत निघालं. ते वाचून गावोगावच्या मुलांनी आपापले संघ काढले. काठ्या मिळवल्या, टोप्या मिळवल्या आणि मग आपल्याला स्काऊटमास्टर होईल असा कुणीतरी मोठा माणूस शोधायला ती बाहेर पडली. या क्रमाकडे लक्ष द्या. मोठ्यांनी संस्था काढून मुलं भरती केली नव्हती, मुलांनीच मोठ्यांची भरती केली होती. मुली तर बोलावल्याशिवायच आल्या. १९०९मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली गणवेशाची जमवाजमव करून येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात त्यांच्यासाठी गाईडची संघटना काढावी लागली.

हा क्रम लवकरच उलटला. संघटना वाढली, मोठ्या माणसांना पदं मिळाली, पदांना बिल्ले आले आणि नायक मुलं नावापुरती उरू लागली. म्हणून १९१४मध्ये रोलंड फिलिप्स नावाच्या तरुणाला संघ पद्धतीवर वेगळं पुस्तक लिहून पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं. दोन वर्षांनी तो पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मारला गेला. अमेरिकेत हेच काम विल्यम हिलकोर्टने केलं. हा मूळचा डेन्मार्कचा. १९२०च्या लंडनच्या पहिल्या जागतिक जांबोरीला, म्हणजे स्काऊटांच्या मेळाव्याला, तो स्काऊट म्हणून गेला होता आणि १९२६मध्ये अमेरिकेत पोचला. १९२९मध्ये त्याने संघनायकांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. ती स्काऊटमास्टरसाठी नव्हती, थेट मुलांसाठी होती. मोठ्यांना वळसा घालून मुलांशी बोलण्याची ही युक्ती मला फार आवडते. पुढे १९३५मध्ये न्यू जर्सीतल्या मेंडम इथे त्याने स्वतःचं पथक काढलं आणि लिहिलेलं खरंच चालतं का, ते बरीच वर्षं तपासलं.

आता त्या पथकांचा रोजचा कारभार कसा चालतो ते सांगतो, कारण आपल्याकडच्या श्रोत्यांना तो सहसा माहीत नसतो. तिथलं पथक शाळेचं असतंच असं नाही. चर्च, पालकसंघ, एखादा क्लब अशा कुठल्या तरी संस्थेच्या आश्रयाने ते चालतं. अकरा ते सतरा वर्षांची मुलं आठवड्यातून एकदा संध्याकाळी जमतात आणि महिन्यातून एकदा शिबिराला जातात. सहा-आठ मुलांचा एक संघ. संघ आपला नायक निवडतो आणि सगळं पथक मिळून मतदानाने एक मुख्य नायक निवडतं. या नायकांची परिषद कार्यक्रम ठरवते. कुठे जायचं, काय शिकायचं, कुणी शिकवायचं, सगळं. मोठ्यांपैकी स्काऊटमास्टर आणि त्याचे सहायक मुलांच्या बाजूला असतात, म्हणजे नायकांना तयार करतात. बाकीचे मोठे समितीत असतात. समिती मुलांना काहीच शिकवत नाही. ती जागा आरक्षित करते, गाड्यांची सोय बघते, आरोग्याचे अर्ज गोळा करते, तंबू वाळवून ठेवते, पैसे मोजते. एकूण ही बिनचेहऱ्याची कामं आणि तशीच ती असावीत.

नायकांच्या परिषदेने आखलेला कार्यक्रम समितीसमोर येतो. आमच्या समितीने नकार द्यायला तीनच कारणं ठरवून घेतली होती. धोका, पैसा आणि संघटनेचा नियम. ‘आम्हाला ते बरं वाटत नाही’ हे कारण चालत नसे. एके वर्षी परिषदेने जानेवारीत बर्फात तंबू ठोकायचा बेत आणला. समितीत सात माणसं होती आणि सातही जणांच्या अंगावर काटा आला. पण काटा येणं हे तीन कारणांत बसत नव्हतं. धोक्याचं कारण मात्र खरं होतं, कारण कडाक्याच्या थंडीतल्या शिबिराचं प्रशिक्षण घेतलेला एकही मोठा माणूस आमच्याकडे नव्हता. तेव्हा नकार मुलांना न देता काम मोठ्यांना द्यायचं ठरलं. एका सहायकाने ते प्रशिक्षण घेतलं आणि शिबिर पुढच्या हिवाळ्यात झालं. माझ्या दृष्टीने समितीचं काम म्हणजे हे. मुलांच्या बेतात मोठ्यांच्या अज्ञानाची अडचण असेल, तर ती मोठ्यांनी दूर करायची.

शिबिरात मोठ्यांचा मुक्काम वेगळा असतो. मुलांपासून हाकेच्या अंतरावर आपला तंबू, आपली चूल, आपला स्वयंपाक. मोठ्यांनीही एक संघ असल्यासारखं राहायचं, अशी पद्धत आहे. त्यात एक गंमत आहे. मोठ्यांकडे झकास जेवण शिजत असेल तर त्याचा वास मुलांपर्यंत जातो आणि पुढच्या महिन्यात मुलांचा बेत नूडल्सच्या वर सरकतो. उपदेशाने हे कधी झालं नव्हतं.

स्वयंपाकाबद्दल मला जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पथक मुलं चालवतात की नाही हे शेवटी तिथेच कळतं. प्रत्येक संघ आपलं जेवण आपण ठरवतो, आपण खरेदी करतो आणि आपणच शिजवतो. खरेदीची जबाबदारी आळीपाळीने एकेकाकडे येते. आमच्या पथकात मराठी, तेलुगू, गुजराती, चिनी आणि आयरिश घरांतली मुलं होती. बारा वर्षांच्या पोराने सहाजणांचा बेत करायचा, त्यात एकाला गोमांस चालत नाही, एकाला कांदा-लसूण चालत नाही आणि एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. माणशी इतके डॉलर, त्याच्यावर एक सेंट नाही. तो पोरगा दुकानात उभा राहून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचतो. त्याचा बाप गाडी चालवायला सोबत आलेला असतो आणि दुकानाच्या दारात, फोनमध्ये तोंड घालून, उभा असतो. आत जायचं नाही, हे समितीत ठरलेलं असतं. ॲलर्जीची यादी मात्र समितीकडून लेखी जाते, तिथे आठवणीवर भिस्त ठेवायची नाही. कच्च्या कोंबडीवर एका मोठ्याची नजर असते. बाकी पॅनकेक करपले, तर मुलांनी करपलेले पॅनकेक खायचे.

हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आई-बापांच्या पोटात कालवाकालव होते. आपल्या मराठी घरांत तर फारच. मुलाच्या पिशवीत चकल्यांचा डबा, ठेपल्यांची चळत, ‘मित्रांनाही दे’ म्हणून लाडू. एका आईने रविवारी दुपारी मुलांना न्यायला येताना सगळ्या पथकाला पुरेल एवढा मसालेभात आणला. भात उत्तम होता, मोठ्यांनी तर दोनदा घेतला. पण त्या दिवशी एका संघाने शेवटच्या जेवणासाठी पहिल्यांदाच खिचडीचा घाट घातला होता. ती तशीच राहिली, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. त्या बाईंना वाईट वाटू नये आणि पुन्हा भातही येऊ नये, असं बोलायचं कसं, यावर आम्ही अर्धा तास घालवला. अखेर समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांनाच, मुलांना स्वयंपाक शिकून मिळणाऱ्या बिल्ल्याच्या मार्गदर्शक व्हा, म्हणून विनंती केली. पुढे त्यांनी कितीतरी मुलांना कांदा कापायला शिकवलं, स्वतः सुरीला हात न लावता.

रात्रीच्या पावसाचंही असंच. एका संघाने तंबू उतारावर ठोकलेला असतो, पाणी आत येणार हे मोठ्यांना संध्याकाळीच दिसलेलं असतं. आता काय करायचं? आमचा रिवाज असा होता की ज्याला दिसलं त्याने स्काऊटमास्टरला सांगायचं. स्काऊटमास्टरने मुख्य नायकाला फक्त विचारायचं, ‘तंबूंकडे एक चक्कर मारलीस का?’ मुख्य नायकाने संघनायकाला गाठायचं. या लांबच्या रस्त्याला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं एका बापाला ताडपत्रीखाली बसून काढावी लागतात, कारण तंबूत त्याचाच मुलगा असतो. त्याच्या शेजारी बसून इतर बाप काय करतात? त्याला कॉफी देतात, क्रिकेट काढतात, गप्पांत गुंतवतात. हसण्यावारी नेऊ नका. मोठ्यांचं सहकार्य म्हणतात ते एवढंच आणि एवढं कठीण असतं. उठू पाहणाऱ्याला बसवून ठेवायला सोबत लागते. जिवाला किंवा शरीराला धोका असेल तेव्हा मात्र हा रस्ता रद्द. मग कुणीही, कुणालाही, सरळ ओरडायचं.

आपले बरेच लोक तिथे माहिती-तंत्रज्ञानात आहेत, कंपन्यांत प्रकल्प सांभाळतात. असा गृहस्थ समितीत आला की त्याच्या बोटांना चाळा सुटतो. शिबिराचं वेळापत्रक तो तासाभरात रंगीत तक्त्यात मांडून पाठवतो. ते नायकांनी केलेल्या वेळापत्रकापेक्षा चांगलं असतं, यात वाद नाही. ते स्वीकारलं की पुढचं वेळापत्रक मुलं करत नाहीत. त्याहून वाईट रोग म्हणजे ईगल. हा तिथला सर्वोच्च दर्जा. त्यासाठी एकवीस बिल्ले, जबाबदारीचं पद आणि अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी इतरांचं नेतृत्व करून पार पाडलेला एक सेवाप्रकल्प लागतो. कॉलेजच्या अर्जात तो शोभतो, हे कुणीतरी पालकांना सांगितलेलं असतं. मग प्रकल्प मुलाचा, आराखडा बापाचा, देणग्या आईच्या मैत्रिणींच्या आणि खड्डे भाड्याने आणलेल्या माणसाने खणलेले, असंही घडतं. याला आवर घालायची एक जागा पद्धतीतच आहे. अगदी पहिला सोडून प्रत्येक दर्जासाठी मुलाची मुलाखत किमान तीन मोठी माणसं घेतात. त्यात स्काऊटमास्टर बसत नाही आणि मुलाचे नातेवाईकही बसत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलाला मी विचारतो, माझ्या मुलाला तुम्ही विचारता. तिथे ‘खड्डे कुणी खणले?’ असा साधा प्रश्न आला की बाकीचं आपोआप कळतं.

मोठी माणसं भांडतात का? भांडतात, आणि मुलांवरून कमी, ट्रेलरवरून जास्त. सामान नेण्याचा आमचा ट्रेलर गंजला होता. नवा घ्यायचा की जुना रंगवायचा, यावरून दोन सभ्य गृहस्थ महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. अशा भांडणाची झळ मुलांना लगेच लागते. घरात आई नाही म्हणाली की बाबांकडे जायचं, हे कुठल्याही देशातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. समितीत दोन तट पडले की मुलं सोयीचा तट निवडतात आणि मग नायकांची परिषद ठरवते काय, याला अर्थ राहत नाही. मतभेद खोलीत ठेवायचे आणि बाहेर एकच उत्तर न्यायचं, हा नियम आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा मोडला गेला आणि सगळ्यात जास्त वेळा पुन्हा करावा लागला.

एका काळ्या प्रकरणाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे अमेरिकेतल्या स्काऊटांच्या संघटनेने फेब्रुवारी २०२०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ८२,०००हून अधिक जणांनी दावे दाखल केले. भरपाईची योजना सुमारे २.४६ अब्ज डॉलरची झाली. दावे कित्येक दशकांमागचे होते, म्हणजे तोंड उघडायला लोकांना आयुष्य लागलं. २०२५मध्ये संघटनेने नावही बदललं, पण नाव बदलून हा हिशेब मिटत नाही. यातून काय घ्यायचं? जे पथक एका लाडक्या, सर्वगुणसंपन्न माणसाभोवती फिरतं आणि त्याला काही विचारणं हा पालकांना अपमान वाटतो, तिथे मूल सर्वांत असुरक्षित असतं. आज नियम आहे की एकवीस वर्षांवरची, नोंदणी झालेली दोन मोठी माणसं प्रत्येक कार्यक्रमाला हवीतच आणि कुणाही मोठ्याने दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकट्याने असायचं नाही. गाडीतही नाही, फोनवरच्या संदेशातही नाही. सुरुवातीला काही पालकांना हे अविश्वासाचं वाटायचं. मला उलट वाटतं. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणा एकावर संशय घ्यावा लागत नाही.

आता वळसा संपवून घरी येतो. आपल्याकडे १९०९मध्ये बंगळूरला स्काउटिंग आलं, तेव्हा भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट आणि त्यांचे सहकारी अरुंडेल यांनी मद्रासकडे, तर मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादकडे आपापल्या संघटना उभ्या केल्या. पुढे जुळणं आणि फुटणं बरंच झालं आणि अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटांच्या संघटना मिळून ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही एक संघटना झाली. यातले कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे. स्वतःच्या नावाचा आग्रह न धरता संस्थेत विरघळून काम करण्याची तालीम त्यांना तिथे मिळाली होती. गटातटांना एका छपराखाली आणताना ती उपयोगी पडली असणार, असा माझा तर्क आहे.

पण शाळेच्या पातळीवर आपण ती तालीम नेली नाही. आपली बहुतेक पथकं शाळेशी जोडलेली. स्काऊटमास्टर म्हणजे वर्गशिक्षक, ज्याच्याकडे आधीच जनगणना, निवडणूक आणि पेपर तपासणी असते. संघनायक बहुधा तोच नेमतो आणि नेमताना पहिल्या बाकावर पाहतो. शिबिराचं जेवण आचारी करतो. पालकांचा संबंध गणवेशाचे पैसे देण्यापुरता आणि ध्वजवंदनाला टाळ्या वाजवण्यापुरता. शिक्षकाची बदली झाली की स्कार्फ कपाटात जातात. यात कुणा एका शिक्षकाला दोष देणं अन्यायाचं होईल. तो एकटा आहे, म्हणून त्याला सगळं करावं लागतं, आणि तो सगळं करतो म्हणून कुणी दुसरा पुढे येत नाही. आमच्या सरांचंही तेच झालं. त्यांच्या हयातीत हे मी त्यांना बोललो नसतो, पण त्यांना पटलं असतं असं वाटतं. शनिवारी मैदानावर चुना टाकण्यापासून संध्याकाळी भांडी मोजण्यापर्यंत सगळं ते स्वतः करायचे, आणि आम्ही त्यांचं कौतुक करत बाकावर बसायचो. आमचे वडीलही.

अमेरिकेची नक्कल इथे करता येणार नाही. तिथे पालकाकडे गाडी असते आणि शनिवार मोकळा असतो. इथे कित्येकांना तो नसतो. मुख्याध्यापकांवर जबाबदारीचं ओझंही वेगळं असतं. सहलीत काही झालं तर पहिला प्रश्न त्यांना विचारला जातो, तेरा वर्षांच्या नायकाला नाही. म्हणून मी मोठा प्रस्ताव मांडत नाही. सरांच्या शाळेत पथक पुन्हा सुरू करायचं घाटत आहे, असं कार्यवाहांनी मला येताना सांगितलं. तर पहिल्या वर्षी शिक्षकाबरोबर तीन पालक घ्यावेत. एकाने परवानग्या आणि आरोग्याचे अर्ज सांभाळावेत, एकाने सामान आणि एकाने पैसे. शिकवायला तिघांपैकी कुणीही जाऊ नये. नायक मुलांनी मत देऊन निवडावेत, मग तो शेवटच्या बाकावरचा निघाला तरी चालेल. आणि शिबिराला आचारी सांगू नये. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक संघाला माणशी ठरलेली रक्कम द्यावी आणि भाजी-किराणा आणायला मुलांना मंडईत सोडावं. सोबत दोन पालक जातील, ते मंडईच्या दाराशी थांबतील. वांगी किडकी निघाली तर निघू द्यावीत. मात्र शिल्लक पैसे आणि कागदावर लिहिलेला हिशेब खजिनदाराकडे त्याच रात्री आला पाहिजे. यात मी कुणाला सूट देणार नाही.